सुरक्षेचा बग कुणी कळवला, तर पुढे काय करायचं? ओपन सोर्स मेंटेनरसाठी पहिल्या मेलपासून अ‍ॅडव्हायझरीपर्यंत, म्हणजे बगच्या जाहीर सूचनेपर्यंत

सोर्स कोड बंद ठेवणाऱ्या कंपनीला एक सोय असते. बग दुरुस्त केला, नवी आवृत्ती पाठवली, तरी आत नेमकं काय बदललं ते लगेच कुणाला दिसत नाही. बायनरी उलगडून शोधणारे आहेत, पण त्यांनाही दोन दिवस लागतात. ओपन सोर्समध्ये दुरुस्तीचा कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, पडला की तो वाचणाऱ्याला कळतं की कालपर्यंत इथे भोक होतं. आणि जगभरच्या सर्व्हरवर अजून कालचाच कोड चालू असतो. त्यामुळे सुरक्षेचा बग हाताळताना निम्मं काम कोडचं असतं आणि निम्मं काम कुणाला, काय, कुठल्या क्रमाने कळेल हे ठरवण्याचं. हा दुसरा भाग कुणी शिकवत नाही, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

तुमची एखादी छोटी लायब्ररी पायपीआय किंवा एनपीएम या लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक कोठारांत आहे आणि तुम्ही एकटे किंवा दोघे-तिघे नोकरी सांभाळून ती चालवता, म्हणजे तिचे मेंटेनर आहात, असं धरून हे लिहिलं आहे. हाताशी एक नमुन्याचा बग ठेवू. समजा तुमची लायब्ररी झिप फाइल उघडून आतल्या फाइली एका फोल्डरमध्ये काढून ठेवते. तिला ‘थैली’ म्हणू. झिपमध्ये प्रत्येक फाइलचं नाव लिहिलेलं असतं आणि थैलीचा कोड ते नाव जसंच्या तसं फोल्डरच्या पाथला जोडतो. आता कुणी मुद्दाम नावाच्या सुरुवातीला ../../ घातलं, की ती फाइल ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर, दोन पायऱ्या वर जाऊन पडते आणि तिथे त्याच नावाची कॉन्फिगरेशन फाइल असेल तर तिच्यावरच बसते. प्रकार जुनाच आहे. २०१८च्या जूनमध्ये स्निक कंपनीच्या संशोधकांनी ‘झिप स्लिप’ या नावाने तो मांडला, तेव्हा वेगवेगळ्या भाषांतल्या कितीतरी लायब्रऱ्यांत तो निघाला. आजही निघतो.

बग येण्याआधी: कळवायची जागा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हे. ज्याला बग सापडला त्याला तो कुठे कळवायचा हे अर्ध्या मिनिटात सापडलं नाही, तर तो सरळ पब्लिक इश्यू (सगळ्यांना दिसणारी तक्रार) उघडतो, आणि मग पुढच्या सगळ्या पायऱ्या एका झटक्यात निकालात निघतात.

रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाचा कोड जिथे असतो त्या जागेच्या, मुळाशी ‘सिक्युरिटी डॉट एमडी’ नावाची फाइल ठेवा. गिटहब ही कोड ठेवायची वेबसाइट ती ओळखते आणि नवा इश्यू उघडणाऱ्याला दाखवते. सोबत सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग चालू करा. २०२३पासून ही सोय सगळ्या सार्वजनिक रिपॉझिटरींना खुली आहे, पण ती आपोआप चालू नसते. ती चालू केली की कळवणारा एका फॉर्मवर माहिती भरतो आणि ती फक्त मेंटेनरना दिसते. वेगळा ईमेल पत्ता ठेवायचा असेल तर तो किमान दोघांच्या इनबॉक्समध्ये जाईल असं बघा. एकटेच असाल तर गावी लग्नाला गेल्यावर पत्र आठवडाभर पडून राहणार, हे गृहीत धरा आणि फाइलमध्ये तसंच लिहा: ‘एका आठवड्यात पोच देऊ.’ चोवीस तासांचं वचन देऊन ते मोडण्यापेक्षा हे बरं.

फाइलमध्ये आणखी दोन गोष्टी हव्यात. कोणत्या आवृत्त्यांना सुरक्षेची दुरुस्ती मिळते, आणि तुमच्या लेखी सुरक्षेचा बग म्हणजे काय. दुसरी गोष्ट फार थोडे लोक लिहितात, पण छाननीच्या वेळी तीच उपयोगी पडते. ‘अनोळखी माणसाकडून आलेली झिप उघडणं सुरक्षित असलं पाहिजे, ते नसेल तर तो बग आहे’ एवढं एक वाक्य थैलीसाठी पुरे. मेल कूटबद्ध करायला पीजीपीची चावी ठेवायची हौस असेल तर ठेवा. लहान प्रकल्पात ती हरवण्याचा त्रासच जास्त होतो, असं माझं मत.

मोठ्या प्रकल्पांची व्यवस्था अशीच, फक्त माणसं जास्त. अपाचे फाउंडेशनचं एक मध्यवर्ती सुरक्षा पथक आहे. ते आलेला बग त्या-त्या प्रकल्पाकडे पोचवतं आणि पाठपुरावाही करतं. लिनक्स कर्नेलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, वेगळी बंद मेलिंग लिस्ट आहे. जँगो हा पायथॉनमधला वेब फ्रेमवर्कही सुरक्षेचे बग सार्वजनिक ट्रॅकरवर न टाकता खास पत्त्यावर मागवतो.

पोच

पत्र आलं की आधी उत्तर द्या, मग कोड उघडा. बग खरा की खोटा हे ठरायच्या आधीची ही पोच असते, म्हणून तिच्यात कबुलीही नको आणि वादही नको. ‘कळवल्याबद्दल आभार. तपासतो आहोत, येत्या बुधवारपर्यंत कळवतो. तोवर कृपया इश्यू किंवा पुल रिक्वेस्ट उघडू नका. अ‍ॅडव्हायझरीत तुमचं नाव कसं छापायचं तेही सांगून ठेवा.’ एवढ्या चार ओळींनी पुढचं बरंच काही सोपं होतं. (पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा हा बदल कोडमध्ये घ्या’ अशी विनंती.) बुधवारी सांगण्यासारखं काही नसेल तर ‘अजून काही नाही’ असं बुधवारी सांगा. कळवणारा चिडून सगळं उघड करतो तेव्हा दुरुस्तीला लागलेल्या वेळापेक्षा समोरून आलेली शांतता त्याला जास्त लागलेली असते.

कुणी आधीच पब्लिक इश्यू उघडला असेल तर? तो पुसायच्या फंदात पडू नका. रिपॉझिटरीवर नजर ठेवणाऱ्यांना गिटहबकडून मेलने प्रत गेलेली असते. तपशील असेल तर तो बग उघड झालाच असं धरा आणि खालचा गुप्ततेचा भाग सोडून थेट पॅचकडे (दुरुस्तीच्या कोडकडे) जा. नुसतं ‘मला एक सुरक्षेचा बग सापडलाय, कुठे कळवू?’ एवढंच असेल तर जागा दाखवा आणि इश्यू बंद करा.

इथेच दोन शब्द कळवणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली बरीच मुलं आता या बाजूने येतात. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, बग घडवून दाखवणारी सगळ्यात लहान फाइल, आणि त्याने हल्लेखोराला नेमकं काय मिळतं: हे चार मुद्दे असले की पुरे. ओपन सोर्सचा मोठा फायदा म्हणजे तपासणी आपल्याच लॅपटॉपवर, आपल्याच प्रतीवर करता येते. तीच लायब्ररी वापरणाऱ्या कुणाच्या तरी चालू वेबसाइटवर ‘बघू चालतं का’ म्हणून प्रयोग करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३मध्ये येतं, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली शिक्षा आहे. तिथे ‘मी मदतच करत होतो’ हे सांगत बसावं लागतं.

छाननी: खरंच भोक आहे का?

पहिलं काम म्हणजे बग स्वतःच्या मशीनवर घडवून बघणं. मग एकच प्रश्न विचारायचा: जे इनपुट बिघाड घडवतं ते कुणाच्या हातात आहे? हल्लेखोराच्या हातात असेल तर सुरक्षेचा बग. प्रोग्राम चालवणाऱ्या माणसाच्याच हातात असेल तर साधा बग, कारण स्वतःच्या मशीनवर तो माणूस हवं ते करू शकतोच.

इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या कर्ल या प्रोग्रामच्या बाबतीत या प्रश्नाचं महत्त्व नीट दिसलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये सीव्हीई-२०२०-१९९०९ असा एक क्रमांक (सुरक्षेच्या बगला मिळतो तो, त्याबद्दल पुढे) प्रकल्पाला न विचारता उगवला. बग काय, तर पुन्हा प्रयत्न करण्याआधी किती सेकंद थांबायचं हे सांगणाऱ्या कमांड-लाइन पर्यायात अवाढव्य आकडा दिला की तो पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जातो. म्हणजे वापरणाऱ्यानेच स्वतःला चुकीचा आकडा द्यायचा आणि कर्ल ठरल्यापेक्षा लवकर पुन्हा प्रयत्न करणार. तो बग कर्लने केव्हाच दुरुस्तही केला होता. तरी अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हल्नरेबिलिटी डेटाबेसने त्याला १०पैकी ९.८ गुण दिले. कर्लचे मुख्य मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी जाहीर आरडाओरडा केल्यावर ते ३.३वर आले.

उलटही घडतं. ‘हे तर डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, बग कसला?’ असं म्हणून विषय मिटवण्याचा मोह होतो. पायथॉनच्या टार फाइली उघडणाऱ्या टारफाइल मॉड्यूलमध्ये थैलीसारखंच ../ चालायचं. क्रमांक सीव्हीई-२००७-४५५९, म्हणजे २००७ सालचा. डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा घालून तो तसाच ठेवला गेला, आणि इशारा न वाचलेल्या हजारो प्रकल्पांत उतरला. शेवटी पायथॉन ३.१२मध्ये फिल्टरची सोय आली आणि ३.१४मध्ये सुरक्षित वागणूक आपोआप लागू झाली. तुमच्या लायब्ररीचा नेहमीचा वापर करणारा माणूस फसत असेल तर इशारा कुठे लिहिलाय याला अर्थ नाही.

आता या कामात एक नवी डोकेदुखी शिरली आहे: एआयकडून लिहून घेतलेले, वाचायला भारदस्त आणि आत पोकळ असे अहवाल. अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचं नाव, कधीही न चाललेला नमुना, आणि प्रश्न विचारला की तितकंच लांबलचक नवं उत्तर. कर्लने २०२५मध्ये कळवणाऱ्यांना एआय वापरलं का हे स्पष्ट विचारायला सुरुवात केली, आणि पुढे २०२६च्या सुरुवातीला रोख बक्षिसंच बंद केली. लहान प्रकल्पाने बक्षीस ठेवूच नये असं मी म्हणेन. पैशाचा वास आला की छाननीचं काम दसपट होतं. अहवाल खोटा वाटला तर ‘ही झिप आमच्या अमुक आवृत्तीवर चालवून दाखवा’ एवढंच मागा. खऱ्या माणसाकडून संध्याकाळपर्यंत फाइल येते. मात्र एआय वापरलं म्हणून अहवाल फेकू नका, त्यातून खरे बगही निघू लागलेत.

बग खरा निघाला की गांभीर्य ठरवा. इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी लो, मॉडरेट, हाय आणि क्रिटिकल अशा चार पातळ्या वापरते, आणि पातळीप्रमाणे पुढची घाई ठरते: लो पातळीचे बग गुपचूप न ठेवता सरळ उघड दुरुस्त होतात. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. थैलीचा बग हाय धरू, कारण लोक वेबसाइटवर अपलोड झालेल्या झिप तिच्याने उघडतात.

गुप्तता किती दिवस

दुरुस्ती तयार होईपर्यंत गप्प राहायचं, याला एम्बार्गो म्हणतात. किती दिवस? गूगलचं प्रोजेक्ट झीरो विक्रेत्याला ९० दिवस देतं, आणि त्या मुदतीत पॅच आला तर तांत्रिक तपशील आणखी ३० दिवस राखून ठेवतं. असे बग कळवण्यात मध्यस्थी करणाऱ्या अमेरिकेच्या सर्ट-सीसीची मुदत ४५ दिवस. लिनक्स वितरणांची (डेबियनसारखी, लिनक्स आणि बाकीचे प्रोग्राम एकत्र बांधून देणारी) जी बंद मेलिंग लिस्ट आहे ती १४ दिवसांवर एक दिवसही देत नाही. कर्नेलवाले पक्का पॅच हातात आल्यावर फार तर ७ दिवस थांबतात, अगदीच अडलं तर १४. आकडे वेगळे असले तरी ज्यांच्याकडे कोड आहे ते कमी दिवस मागतात, हे लक्षात घ्या.

कारण गुपित टिकत नाही. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीडचा बग गूगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीतले लोक, दोघांना स्वतंत्रपणे सापडला. बग दोन वर्षं कोडमध्ये बसून होता, आणि सापडला तेव्हा एकाच सुमारास दोघांना. तुम्हाला आज जे कळलं ते आजच आणखी कुणाला कळलेलं असू शकतं. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले बग ९ जानेवारी २०१८ला उघड करायचं ठरलं होतं, पण लिनक्समध्ये मेमरीच्या व्यवस्थेत एवढे मोठे बदल अचानक घाईने का येताहेत याचा लोकांनी आधीच अंदाज बांधला आणि ३ जानेवारीलाच सगळं बाहेर आलं. २०१७च्या क्रॅक या वायफायच्या बगमध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने ठरल्या तारखेच्या कितीतरी आधी, ऑगस्टमध्येच पॅच टाकला. संशोधकांनी त्याला आधी होकार दिला होता, नंतर पस्तावले, आणि यापुढे त्यांना उशिरा कळवू असं जाहीरपणे लिहिलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण लॉगफोरजे या जावामध्ये लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचं. अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकाने २४ नोव्हेंबर २०२१ला अपाचेला बग कळवला. नोव्हेंबर संपता संपता दुरुस्तीचा कोड गिटहबवरच्या सार्वजनिक पुल रिक्वेस्टमध्ये दिसत होता, रिलीज मात्र यायची होती. ९ डिसेंबरला हल्ल्याचा नमुना उघड फिरू लागला आणि २.१५.० आवृत्ती घाईने बाहेर काढावी लागली. दुरुस्ती उघड्यावर आणि रिलीज अजून वाटेत, ही मधली पोकळी म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था. तीत असण्यापेक्षा पूर्ण गुप्त बरं, नाहीतर पूर्ण उघड बरं.

दुसऱ्या टोकाला लिबएक्सएमएल-टू ही एक्सएमएल वाचणारी लायब्ररी. २०२५च्या जूनमध्ये तिच्या एकट्या स्वयंसेवक मेंटेनरने सांगून टाकलं की यापुढे कुणाचा एम्बार्गो पाळणार नाही; सुरक्षेचे बग इतर बगांसारखेच उघडपणे, वेळ मिळेल तसे दुरुस्त होतील. मोठमोठ्या कंपन्या फुकट वापरणार आणि तारखा मात्र याने सांभाळायच्या, ही त्याची तक्रार होती. मला ती रास्त वाटते.

थैलीसारख्या लायब्ररीला दोन आठवडे पुष्कळ झाले. कळवणाऱ्याशी बोलून एक तारीख ठरवा आणि ती लिहून ठेवा. बगचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असल्याचं कळलं तर तारीख विसरा. पॅच असेल तर तो, नसेल तर निदान बचावाचा उपाय त्याच दिवशी बाहेर गेला पाहिजे.

पॅच

गिटहबवर ड्राफ्ट अ‍ॅडव्हायझरी उघडली की तिच्या पोटात एक तात्पुरता प्रायव्हेट फोर्क, म्हणजे कोडची खाजगी प्रत, काढता येतो. कळवणाऱ्यालाही तिथे बोलावता येतं. अडचण एवढीच की या फोर्कवर सीआय (चाचण्या आपोआप चालवणारी व्यवस्था) चालत नाही. सगळ्या चाचण्या आपल्या मशीनवर, जमेल तितक्या पायथॉन आवृत्त्यांवर आणि विंडोजवरही हाताने चालवाव्या लागतात. हे रिलीजच्या आदल्या रात्री कळू नये.

आता थैलीकडे. पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे नावातून ../ काढून टाकणं. हल्लेखोर मग ....// असं लिहितो. मधलं ../ काढलं की उरलेलं जोडून पुन्हा ../ तयार होतं. दुसरा उपाय: शेवटचा पूर्ण पाथ काढा आणि त्याची सुरुवात ठरलेल्या फोल्डरच्या नावाने होते का ते बघा. हा बराच बरा, पण फोल्डर /डेटा/काम असेल आणि शेजारी /डेटा/कामगार असेल तर दुसऱ्याची सुरुवातही पहिल्याने होतेच. अक्षरं जुळली आणि पहारा फसला. तुलना अक्षरांची न करता पाथच्या तुकड्यांची करायची. मग विंडोजचा उलटा स्लॅश, थेट मुळापासून सुरू होणारा पाथ, आणि आधी एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) टाकून नंतर तिच्यातून बाहेर लिहिणारी झिप, हे तिन्ही तपासा. मग बाकीच्या कोडमध्ये जोडकामाची हीच पद्धत आणखी कुठे आहे ते शोधा, कारण एकाच माणसाने एकाच सवयीने लिहिलेला कोड असतो.

एवढा कीस काढायचं कारण असं, की तुमचा पॅच बाहेर पडताच त्याच्याकडे शेकडो जाणती माणसं बघायला लागतात आणि राहिलेली फट त्यांना लगेच दिसते. २०१४च्या सप्टेंबरमध्ये बॅश या कमांड शेलचा शेलशॉक बग उघड झाला, त्याचा पहिला पॅच अपुरा निघाला आणि लगोलग सीव्हीई-२०१४-७१६९ हा नवा क्रमांक द्यावा लागला, मग आणखीही. लॉगफोरजेला २.१५.० नंतर त्याच डिसेंबरात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ काढाव्या लागल्या. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा नाताळ त्यातच गेला. पॅच कळवणाऱ्याला आधी दाखवा. तो तुमच्यापेक्षा या बगचा जास्त विचार करून आलेला असतो.

पॅच लहान ठेवा. सोबत ‘जाता जाता’ फॉर्मॅटिंग सुधारू नका. जुन्या आवृत्त्यांवर तो बॅकपोर्ट करणाऱ्या डेबियनच्या माणसाला प्रत्येक जादा ओळ निस्तरावी लागते. कमिटच्या संदेशात काय लिहायचं यावर मतभेद आहेत. अपाचेची सूचना अशी की रिलीजआधीच्या कमिटमध्ये सुरक्षेचा उल्लेख नको. माझ्या मते लहान प्रकल्पात कमिट आणि रिलीज यांत तासाभराचंच अंतर ठेवावं, म्हणजे संदेशात लपवाछपवी करायची वेळच येत नाही. हल्ल्याची तयार कृती असलेली टेस्ट मात्र आठवडाभराने टाकली तरी चालते.

सीव्हीई क्रमांक

सीव्हीई म्हणजे बगला मिळणारा जगभर मान्य क्रमांक, १९९९पासून चालू आहे. तो देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांना सीएनए म्हणतात. गिटहब सीएनए आहे, त्यामुळे ड्राफ्ट अ‍ॅडव्हायझरीतूनच क्रमांक मागता येतो. तुमच्यासाठी हाच रस्ता सोपा. भारतात सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इनही सीएनए आहे. बाहेरच्यांनी उगाच क्रमांक वाटू नयेत म्हणून कर्ल २०२४च्या जानेवारीत आणि लिनक्स कर्नेल फेब्रुवारीत स्वतःच सीएनए झाले. कर्नेलवाले तर आता दुरुस्ती स्थिर शाखेत आल्यावरच क्रमांक देतात, आणि ढिगाने देतात, कारण त्यांच्या मते कर्नेलमधला जवळपास कुठलाही बग कुणाच्या तरी दृष्टीने सुरक्षेचा ठरू शकतो.

क्रमांक रिलीजच्या आधी मागून ठेवा, आणि कळवणाऱ्याने आधीच कुठे मागितला नाही ना ते विचारा. एकाच बगला दोन क्रमांक पडले की पुढे कित्येक महिने लोक दोन बग शोधत बसतात.

आधी कुणाला सांगायचं

बहुतेक लहान प्रकल्पांना याचं उत्तर: कुणालाच नाही. तुमची लायब्ररी लिनक्स वितरणांत असेल आणि बग गंभीर असेल तर वितरणांच्या बंद लिस्टवर कळवा. तिथे कळवलं की ठरल्या दिवशी ओएसएस-सिक्युरिटी या खुल्या लिस्टवर तपशील टाकण्याची जबाबदारीही येते. हार्टब्लीडच्या वेळी काही कंपन्यांना आधी कळलं आणि बऱ्याच वितरणांना जगाबरोबर, यावरून झालेली नाराजी पुष्कळ दिवस चालली. म्हणून यादी करायचीच तर आधी, शांत डोक्याने, निकष लिहून करा. जँगो तशी करतो आणि त्या यादीला साधारण आठवडाभर आधी कळवतो.

दुसरा मार्ग म्हणजे तपशील न देता तारीख जाहीर करणं. कर्लने ११ ऑक्टोबर २०२३च्या ८.४.०ची तारीख आठवडाभर आधी सांगितली आणि बग कुठे आहे त्याचा पत्ता लागू दिला नाही. ओपनएसएसएलने १ नोव्हेंबर २०२२ला ३.०.७ येणार आणि बग क्रिटिकल आहे असं आठवडाभर आधी सांगितलं. जगभर बैठका झाल्या, सर्व्हरच्या याद्या झाल्या, आणि ऐन दिवशी पातळी हायवर आली. काही लोकांनी ओरड केली. त्या निमित्ताने आपल्याकडे ओपनएसएसएलची नेमकी कोणती आवृत्ती कुठे चालते ते पुष्कळ कंपन्यांना पहिल्यांदाच कळलं, हा फायदा काही लहान नाही.

रिलीजचा दिवस

मंगळवार किंवा बुधवार निवडा. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज काढली तर भारतातले लोक घरी निघालेले असतात आणि अमेरिकेतल्यांच्या हातात आठवड्याचा शेवटचाच दिवस उरलेला असतो.

क्रम असा ठेवा. पॅच मुख्य शाखेत आणि सांभाळत असलेल्या जुन्या शाखांत टाका, टॅग लावा, पॅकेज अपलोड करा. मग कोऱ्या एन्व्हायरन्मेंटमध्ये ते खरोखर इन्स्टॉल करून नमुन्याची झिप चालवून बघा. त्यानंतरच अ‍ॅडव्हायझरी प्रसिद्ध करा, कारण ती प्रसिद्ध होताच डिपेंडाबॉटसारखी साधनं लोकांना ‘अपडेट करा’ म्हणू लागतात, आणि अपडेट जागेवर नसेल तर शोभा होते. शेवटी चेंजलॉग आणि मेल. या रिलीजमध्ये नवं फीचर घालू नका. ज्याला फक्त भोक बुजवायचंय त्याला तुमच्या नव्या एपीआयची भीती वाटते आणि तो अपडेट पुढे ढकलतो.

अ‍ॅडव्हायझरी वाचणारा माणूस घाईत असतो आणि त्याला तुमचा कोड माहीत नसतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: मला लागू आहे का, काय करू, आज अपडेट जमत नसेल तर काय. हार्टब्लीडच्या वेळी ‘१.०.१पासून १.०.१-एफपर्यंत लागू, १.०.१-जीमध्ये दुरुस्त, अपडेट जमत नसेल तर हार्टबीट ही सोय वगळून पुन्हा कंपाइल करा’ एवढ्यात काम होत होतं. जुन्या ०.९.८ आणि १.०.० शाखांना बग लागूच नव्हता, हे कळल्याने कितीतरी लोक त्या रात्री झोपू शकले. थैलीसाठी असं लिहीन:

‘थैली १.२.० ते १.५.८ आणि १.६.० ते १.६.३ या आवृत्त्यांत, खास बनवलेली झिप उघडल्यास फाइली ठरलेल्या फोल्डरबाहेर लिहिल्या जाऊ शकतात. अनोळखी लोकांकडून आलेल्या झिप उघडत असाल तर तुम्हाला धोका आहे. फक्त स्वतः बनवलेल्या झिप उघडत असाल तर नाही. १.६.४ किंवा १.५.९ वर जा. तूर्त जमत नसेल तर उघडण्याआधी झिपमधली नावं तपासा; .. किंवा सुरुवातीला / असलेली, उलटा स्लॅश असलेली, किंवा सिमलिंक असलेली झिप नाकारा. १.२.०च्या आधीच्या आवृत्त्यांना हा बग लागू नाही.’

खाली कळवणाऱ्याचं नाव, त्याने सांगितलं तसं. ‘काही परिस्थितीत अनपेक्षित वर्तन होऊ शकतं’ अशी वकिली भाषा टाळा. अ‍ॅडव्हायझरीतला आवृत्त्यांचा पल्ला दोनदा तपासा. स्कॅनर तोच वाचतात, आणि तो चुकला तर सुरक्षित असलेल्यांना इशारे जातात आणि धोक्यात असलेले निवांत राहतात. जुनी आवृत्ती पायपीआयवरून ओढून घेऊ नका. त्याने कुणी सुरक्षित होत नाही, लोकांची बिल्ड मात्र मोडू शकते.

जेव्हा मेंटेनरलाच कळवता येत नाही

वरची सगळी रीत मेंटेनर भला आणि जागेवर आहे असं मानते. २०२४च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. माग काढत तो एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१मध्ये मुद्दाम पेरलेल्या बॅकडोअरपर्यंत, म्हणजे चोरवाटेपर्यंत, पोचला. पेरणारा स्वतःच सहमेंटेनर होता. दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे पॅच पाठवून त्याने ती जागा मिळवली होती. अशा वेळी प्रकल्पाच्या पत्त्यावर लिहिणं म्हणजे चोरालाच खबर देणं. फ्रॉइंडने आधी डेबियनच्या सुरक्षा पथकाला आणि वितरणांच्या लिस्टला कळवलं, आणि २९ मार्चला सगळं उघड केलं.

मेंटेनर नुसताच गायब असेल तर मामला सोपा, पण चिकाटीचा. दोनदा लिहा, दुसऱ्या पत्रात उघड करण्याची तारीख द्या, सर्ट-सीसी किंवा सर्ट-इनला मध्ये घ्या, आणि ती तारीख आली की बचावाच्या उपायासह प्रसिद्ध करा. आणि तो गायब मेंटेनर तुम्हीच असाल, थैलीला हात लावायला आता वेळ नसेल, तर सिक्युरिटी डॉट एमडीमध्ये ‘या प्रकल्पाला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत’ असं लिहा आणि रिपॉझिटरी आर्काइव्ह करून टाका.